निरोपाच्या फोटोतलं भोक

माझ्या हातांना गप्प बसता येत नाही, हे घरात सगळ्यांना मी चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मी लग्नपत्रिका कापायचे, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं सोलायचे, आणि एकदा वडिलांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरचा गंडभेरुंड, म्हणजे आमच्या म्हैसूरचा तो दोन डोक्यांचा पक्षी, गोल कापून वहीत चिकटवला होता. त्या दिवशीचा मार मला अजून आठवतो. पक्षी फार सुबक कापला गेला होता, हेही आठवतं. पुढे चित्रकलेच्या कॉलेजात गेले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही मार्गी लागेल. पण तैलरंग वाळेपर्यंत थांबायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. चित्र अर्धं झालं की मी उठून दुसरंच काहीतरी करायला घ्यायचे. शेवटी डिप्लोमा पदरात पडला, तो मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून, असं मी धरून चालते.

फोटो कापण्याचा नाद लागला तो मंडी मोहल्ल्यातल्या एका गुजरीच्या दुकानात. गुजरी म्हणजे भंगार. जुनी घरं मोडली, की तिथल्या भिंतींवरचे फोटो या दुकानात येत. दुकानदाराला फ्रेमचं सागवान हवं असायचं, काच हवी असायची. आतला फोटो तो बोटाने उचकटून मागे टाकून द्यायचा. मागच्या ढिगात नवरा-बायको, मुंजीचे बटू, शाळेचे वर्ग, कचेऱ्यांचे साहेब, सगळे एकावर एक पालथे पडलेले असायचे. मी पहिल्यांदा तो ढीग बघितला आणि माझे हात शिवशिवायला लागले. सायकलच्या कॅरिअरला बांधून मी एक गठ्ठा घेऊन आले आणि त्याच दुपारी कात्री चालवली.

मी काय करायचे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी फोटोतल्या माणसांची फक्त डोकी कापून काढायचे. बाकी काही हलवायचं नाही. खुर्च्या, काठ्या, कडेवरची मुलं, मांडीवरचे हात, सगळं जागच्या जागी. मग मागून दुसरा कागद लावायचा. जुना शाळेचा नकाशा, पंचांगाचं पान, साडीच्या खोक्यावरचा लाल कागद. माणसं चेहरे बघतात आणि बाकीचं बघतच नाहीत, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. वय सव्वीस. त्या वयात माझ्याकडे मतं भरपूर होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. नजरबादच्या आमच्या घरात मला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी जयलक्ष्मीपुरममध्ये एका बाईंच्या घराची मागची खोली घेऊन राहत होते. एका खाजगी शाळेत सकाळी चित्रकला शिकवायची आणि दुपारभर कापत बसायचं. बसायचं म्हणजे काय, पाच मिनिटं बसायचं आणि दहा मिनिटं खोलीत फेऱ्या मारायच्या.

नजरबादच्या घरात वडील होते आणि मागच्या दोन खोल्यांत वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. घोडे केव्हाच गेले. उरले ते कारकून, मास्तर आणि आमचं मराठी. तेही कसं, तर दर तिसरा शब्द कन्नड. आत्या कन्नड शाळेत मास्तरीण होती. तेव्हा पन्नाशीला टेकलेली, अंगाने सडसडीत, आणि सगळं आयुष्य एकाच रस्त्याने शाळेत जाऊन परत आलेली. मी जितकी अस्वस्थ तितकी ती स्वस्थ. निदान मला तसं वाटायचं.

आत्याचं लग्न पाच महिने टिकलं होतं. टिकलं म्हणजे नवरा पाच महिने जगला. तो नजरबादच्याच एका सरकारी कचेरीत कारकून होता. तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचं राज्य एकदम मोठं झालं. बेळगाव वगैरे लांबचे मुलूख त्यात आले. तिकडची बरीच दप्तरं मराठीत, आणि इथल्या कारकुनांना मराठी येईना. मग कचेरीत शोधाशोध झाली, मराठी कोणाकोणाला वाचता येतं. आमच्यापैकी तिघे सापडले. आमचं मराठी बेळगावच्या माणसाला निम्मं तरी कळेल का, हे साहेबाला कोण सांगणार? तिघांची बदली झाली. आत्याचा नवरा पुढे गेला, खोली बघतो आणि तुला बोलावतो म्हणून सांगून. तीन महिन्यांत तो तिकडे विषमज्वराने गेला. तिथेच त्याला अग्नी दिला. इकडे आली ती ट्रंक. सासरच्यांनी ती ट्रंक ठेवून घेतली, लग्नातले फोटो ठेवून घेतले, आणि आत्याला आणून आमच्या दारात सोडलं. तिच्या पायगुणाबद्दल ते जे बोलले ते वडिलांनी मला कधीच सांगितलं नाही. पुढे त्या लोकांनी घर विकलं आणि ते कुठे गेले कोणास ठाऊक.

म्हणजे आत्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. आमच्याकडे वर्षाच्या तिथीला गेलेल्या माणसाचा फोटो चौरंगावर ठेवतात आणि हार घालतात. आत्या चौरंगावर नुसतं एक पांढरं फूल ठेवायची. लहानपणी मला ते फूल म्हणजेच तिचा नवरा वाटायचा.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आत्या माझ्या खोलीवर आली. ती अशी मधूनमधून यायची, डब्यात काहीतरी घेऊन. माझी चित्रं तिने कधी नीट बघितली नव्हती. त्या दिवशी एक मोठा बोर्ड मी नुकताच पुरा करून भिंतीला टेकवला होता. कचेरीतल्या निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो होता तो. वीसबावीस माणसं, पुढच्या रांगेत मधोमध तिघांच्या गळ्यात हार. हार जाडजूड आणि वर डोकी नाहीत, याची मला फार मजा वाटली होती. चेहऱ्यांच्या जागी मी शाळेचा जुना नकाशा लावला होता.

"अय्यो, सगळ्यांची डोकी उडवलीस? सुम्ने?" आत्या म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीचच. मी माझं ते मत सांगायला सुरुवात केली. ती ऐकत नव्हती. ती बोर्डाजवळ गेली, चष्मा वर सरकवला आणि हार घातलेल्या तिघांतल्या मधल्या माणसाच्या हातावर बोट ठेवलं. त्याने शर्टाची बाही दुमडली होती आणि मनगटी घड्याळ मनगटावर नसून वर, जवळजवळ कोपराशी होतं.

"हे घड्याळ आमच्या बाबांनी दिलेलं," ती म्हणाली. "मोठं व्हायचं ह्यांना. खाली घसरतं म्हणून वर चढवून घालायचे. बघ, असं."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आत्या माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"डोकं कुठंय?" तिने विचारलं.

मी काहीतरी पुटपुटले. शोधते, असेल, कुठेतरी पिशवीत. आत्या खाटेवर बसली. डबा तिच्या मांडीवर होता.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही गं," ती म्हणाली. "शाळेतल्या पोरांची नावं विचार, तीस वर्षांची सांगते. हे आठवत नाही. घड्याळ आठवतं. सासूसमोर मान वर करून बघायचं नाही, दोन महिने एका घरात राहिलो, त्यात किती बघणार? मत्ते, मग कुणाला सांगू, नवऱ्याचा चेहरा विसरले म्हणून? एकदा बघायला मिळाला तर बास. एवढं कर."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. आणि ते डोकं मी आठवड्यापूर्वी रद्दीत दिलं होतं. सगळी कापलेली डोकी मी कणकेच्या एका रिकाम्या पिशवीत भरून, वर्तमानपत्रांबरोबर त्याच गुजरीवाल्याच्या दुकानात टाकून आले होते. जिथून आली तिथे गेली, असं म्हणत हसलेही होते.

मी सायकल काढली आणि मंडी मोहल्ल्यात गेले. दुकान बंद. शेजारच्याने सांगितलं, मालक लग्नाला गेलाय, सोमवारी येईल. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रविवारी मी तीन वेळा त्या बंद दाराशी जाऊन आले. फटीतून आत बघितलं. पॅलेसला दोन फेऱ्या घातल्या, नजरबादच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि घरी न जाता परत फिरले. आत्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहायची हिंमत नव्हती. स्वतःचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही क्वचितच आला.

सोमवारी शाळा बुडवून मी दुकानदाराला गाठलं. वर्तमानपत्रं तर गेली होती. पण पिशवी होती. फोटोचा जाड कागद मिलवाले घेत नाहीत, म्हणून त्याने ती खिळ्याला अडकवून ठेवली होती. पिशवी माझ्या हातात देताना तो जरा लांबच उभा राहिला. त्याने आत बघितलं होतं. एवढी डोकी कापणारी बाई त्याला भली वाटली नसावी.

खोलीवर जाऊन ती डोकी बोर्डावर लावून बघायची आणि बसेल ते आत्याला नेऊन द्यायचं, हा सरळ मार्ग. पण वाटेत मी आत्याच्या शाळेत डोकावले, पिशवी मिळाली म्हणून सांगायला. ती लगेच म्हणाली, "तू निवडू नको हं. संध्याकाळी तशीच घरी आण. माझाच नवरा तू ओळखून देणार होय?"

बोलताना तिच्या गालांवर लाली चढली होती. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. हो म्हटलं.

संध्याकाळी तिने पिशवी सुपात ओतली. तांदूळ निवडायला बसतात तशी ती खिडकीशी बसली आणि एकेक डोकं बोटाने बाजूला सारू लागली. अंगठ्याच्या नखाएवढी डोकी ती. बायका, पोरं, पगडीवाले, म्हातारे कडेला गेले. राहिले तरुण पुरुष, चाळीसएक तरी असतील. मी उभीच होते. बसवत नव्हतं. आत्या एकेक उजेडात धरून बघत होती. मग तिने एक उचललं. दाट भुवया, भरलेले गाल, आणि माणूस हसत होता. त्या काळी फोटोत सहसा कोणी हसत नसे. सगळ्या सुपात हसणारा तो एकटाच होता.

"हे," आत्या म्हणाली. तिने ते तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

याचा मोठा फोटो करून आणते, असं सांगून मी ते डोकं आणि बाकीची पिशवी घेऊन खोलीवर आले. बोर्ड समोरच होता. सहज म्हणून मी ते डोकं मधल्या हारावर, घड्याळवाल्याच्या मानेवर ठेवून बघितलं. बसेना. मान बारीक पडत होती, केसांची कड बाहेर येत होती. माझं कापणं कसंही असो, कड चुकत नाही. मी ते सरकवत सरकवत प्रत्येक भोकावर ठेवलं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या, डावीकडून तिसऱ्या माणसाला ते चपखल बसलं. त्याच्या गळ्यात हारसुद्धा नव्हता. तो बेळगावला गेलाच नव्हता. तो टाळ्या वाजवायला आलेला.

मग मी पिशवीतली तरुण डोकी एकामागून एक त्या मधल्या भोकावर लावत गेले. बाविसावं की तेविसावं डोकं ठेवलं आणि ते बसलं. कडेला कड मिळाली, मध्ये केसभरही फट राहिली नाही. मी ते काडेपेटीत घातलं आणि सकाळी सांगायचं ठरवलं.

सकाळी नजरबादच्या घरी पोचले तर आत्याने रजा घेतली होती. तिने रजा घेतलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. न्हाऊन, केस मोकळे सोडून ती पुढच्या खोलीत बसली होती आणि बोलत होती. वडील ऐकत होते. मी आल्याचं दोघांनाही फारसं कळलं नाही.

"जेवताना मीठ मागायचे," ती सांगत होती. "मीठ समोर असायचं, तरी मागायचे. मी वाढायला वाकले की असे हसायचे, आवाज न करता. सासूबाईंना कळायचं नाही. कालपर्यंत आठवत नव्हतं बघ दादा. तोंड बघितलं नि सगळं आलं. मार्केटातून पेरू आणायचे खिशातून. एकदा मला म्हणाले, बेळगावला आपण दोघंच, तिथे तू मान वर करून चाल."

"हसरा होता," वडील म्हणाले. तीस वर्षांत त्या माणसाबद्दल वडिलांनी एक शब्द काढला नव्हता. "हो. दाट भुवया. अगदी."

काडेपेटी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स घट्ट धरून उभी होते. आत्याने माझ्याकडे बघून विचारलं, "लावून बघितलंस ना गं? बसलं?"

"बसलं," मी म्हणाले.

मला तिची दया आली म्हणून मी खोटं बोलले, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दया होतीच. पण त्याहून जास्त भीती होती. तिला खरं सांगायचं म्हणजे, तू स्वतःच्या नवऱ्याला ओळखलं नाहीस, दुसऱ्याच पुरुषाचा चेहरा मुठीत धरून रडलीस, हे सांगायचं. आणि हे सगळं का, तर मी मजा म्हणून त्याचं डोकं कापलं होतं. ते मला झेपणारं नव्हतं. मीठ, पेरू, ते हसू, त्यातलं खरं किती आणि त्या तोंडावरून सुचलेलं किती, हे तेव्हाही मला कळलं नाही आणि आजही कळत नाही.

स्टुडिओवाल्याने विचारलं, नुसतं डोकं आहे, अंगात काय घालू? मी म्हटलं, पांढरा शर्ट. त्याने हौसेने कोट घातला. मोठा फोटो झाला तेव्हा ते हसू जरा पसरट आलं, पण चेहरा झकास उठला. मूळ डोकं त्याने पाकिटात घालून परत दिलं. आत्याने ते पाकीट आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. त्या वर्षीच्या तिथीला चौरंगावर पहिल्यांदा फोटो आला. आत्याने स्वतः हार ओवला होता. वडिलांनी पाया पडून नमस्कार केला, मीही केला. कोणाला केला, हे मी एकटीच जाणत होते.

काडेपेटी तर मी खोटं बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाणीघरातल्या बंबात टाकली. करवंट्या पेटल्या होत्या, क्षणात गेली. ती कोणाच्या हाती लागली तर, या धास्तीने मला जेवण जात नव्हतं. जाळल्यावर जेवले.

पण स्वस्थता काही आली नाही. आता नवीच भीती लागली. तो मागच्या रांगेतला माणूस बदली होऊन कुठे गेला नव्हता, म्हणजे तो इथेच असेल. म्हैसूरमध्ये, साठीचा, पेन्शनीत निघालेला. तो उद्या आमच्या घरी कशासाठी तरी आला आणि भिंतीवर हार घातलेला स्वतःचाच फोटो बघितला तर? मी रस्त्यात म्हाताऱ्यांच्या भुवया बघत फिरू लागले. बँकेच्या रांगेत, बसस्टँडवर, देवळात. एकदा मार्केटात केळी घेणारा एक माणूस अगदी तसाच हसला आणि मी पिशवी तिथेच टाकून पळाले. नंतर पिशवी आणायला परत जावं लागलं. केळीवाल्याने ती बाजूला ठेवली होती आणि तो माणूस निघून गेला होता.

मी खोल्या बदलल्या, नोकऱ्या बदलल्या. दोन वर्षं बंगळूरला काढली, एक वर्ष बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत मुलांना चित्रकला शिकवली. जिथे जाईन तिथे तो बोर्ड बरोबर नेला. टाकून देववेना, कोणाला दाखववेना. फोटो कापणं मध्ये सुटलं आणि परत सुरू झालं, पण आता मी आधी फोटोची प्रत काढते आणि प्रत कापते. मूळ फोटो तसेच राहतात. माझ्या कपाटात शेकडो अनोळखी माणसं धडधाकट पडून आहेत आणि त्यांना विचारत कोणी येत नाही.

आत्या माझ्या प्रत्येक खोलीवर आली. डबा आणायची, खाटेवर बसायची, माझ्या हातची कॉफी प्यायची. बोर्ड भिंतीला असायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही आणि मला त्याचं बरं वाटायचं.

गेल्या तिथीला आत्या ऐंशीच्या घरात होती. वडील जाऊन बारा वर्षं झाली. नजरबादच्या घरात आता मी आणि ती. तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून फोटो मी पुसत होते. काच पुसून झाली आणि मी हार हातात घेतला, तेव्हा ती खुर्चीवरून म्हणाली, "ते खरे कसे होते गं दिसायला?"

मी ऐकलं नाहीसं दाखवलं. मग तिने तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, वर्गात पोराला दुसऱ्यांदा विचारावं तसं.

"तुला कसं कळलं?" मी म्हणाले.

"जयलक्ष्मीपुरमच्या खोलीवर. तू कॉफी करायला गेलीस. मी पाकिटातून काढून लावून बघितलं. बसलं नाही. मग सगळ्यांना लावत गेले. मागच्या रांगेत तिसऱ्याला बसलं." ती म्हणाली. "मोठा फोटो आला, त्याच महिन्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस काय?"

हार माझ्या हातात होता. मोगऱ्याचा होता आणि ओला होता, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. तीस वर्षं ही बाई जाणूनबुजून या माणसाला हार घालत होती, आणि मी तिला सांभाळते आहे असं समजत होते.

"दादासमोर मिठाचं सांगून बसले होते," ती म्हणाली. "ते परत कसं घेणार? आणि ते आठवलं तेव्हा बरं वाटलं होतं. बिडु, जाऊ दे. आता दादा नाही. तुझ्याकडे असेल ना ते, खरं? दाखव. मी काही म्हणणार नाही."

"जाळलं, आत्या."

तिने मान हलवली. जणू तिला तेही अपेक्षितच होतं. "पण तू तर लावून बघितलंस. हातात धरलंस. सांग. डोळे मिटून बसते, तू सांग."

तिने खरंच डोळे मिटले. मी फोटो खाली ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. आठवायला लागले. डाव्या कानाची पाळी बाहेर आलेली होती, तिथे मला कात्री वळवावी लागली होती. कॉलरच्या वर केसांचा एक झुपका होता. हनुवटीखाली हाराचं एक फूल आलं होतं आणि ते मी अर्धं कापलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती.

"हं. नाक?"

मी आठवत राहिले. भोक आठवत होतं, पुरं, त्याचं वळणन् वळण. त्या भोकाला बसणारी कड आठवत होती. मी त्या दिवशी कड बघत होते. बसतंय का एवढंच बघत होते. आत काय होतं ते मी बघितलंच नव्हतं.

"मिशी तरी होती का गं?" आत्याने विचारलं.

"नाही आठवत, आत्या."

मग तिने डोळे उघडले.

"मग आता तू नि मी सारख्याच," ती म्हणाली.